मदत हवी आहे: तांबट आळीतील कामाच्या नोंदींसाठी खिशात मावणारा दर्जेदार कॅमेरा (धूळ आणि पावसाळ्यातले अनुभव हवेत)

नमस्कार.

पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याची भांडी आजही हाताने घडवली जातात. पत्रा कापण्यापासून शेवटच्या मठारकामापर्यंतचा (हातोड्याचे लहान घाव घालून पृष्ठभाग घडवण्यापर्यंतचा) प्रत्येक टप्पा, कारागिराचे हात कोठे आणि कसे धरलेले असतात यासह, छायाचित्रांत नोंदवून ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे. पेशवाईपासून शहरात असलेले हे कसब शिकायला बसणारी मुले आता थोडी उरली आहेत, आणि लिहिलेले वर्णन कितीही नेटके असले तरी हातोडा कोणत्या कोनातून पडतो हे त्यातून कळत नाही. म्हणून ही नोंद नीट व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. कॅमेरा निवडताना मात्र मी अडले आहे आणि ज्यांनी अशा प्रकारचा कॅमेरा स्वतः काही वर्षे वापरला आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

सध्या माझ्याकडे एक डीएसएलआर आणि मोबाइल आहे. डीएसएलआरची चित्रे उत्तम येतात; परंतु दोन माणसे बसली की भरून जाणाऱ्या त्या कारखान्यात एवढा मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की कारागीर काका हातातले काम थांबवतात, सदऱ्याची बटणे लावतात आणि माझ्याकडे पाहू लागतात. त्यांचे असे नीट बसणे मला समजते, पण मला टिपायचे असते ते चालू काम. मोबाइलची अडचण निराळी आहे. मठारलेल्या भांड्यावर हातोड्याच्या प्रत्येक घावाचा एक छोटा, सपाट, आरशासारखा ठसा उमटतो आणि शेजारच्या दोन ठशांमधली कड अतिशय बारीक असते. कमी उजेडात मोबाइल चित्रातला खरखरीतपणा पुसताना या कडाही पुसतो आणि उरलेल्यांना जादा धार लावतो, त्यामुळे हाताने मठारलेला हंडा आणि यंत्रावर ठसे उठवलेले भांडे छायाचित्रात जवळजवळ सारखीच दिसू लागतात. ज्या फरकासाठी ही नोंद करायची, तोच हातचा जातो.

उजेडाची परिस्थिती सांगायला हवी, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरेल. दारातून दिवसाचा प्रकाश येतो, आत एखादी एलईडी नळी असते आणि भट्टी पेटलेली असली तर तिचा लाल उजेड मिसळतो. तांबे आधीच तांबूस असल्याने लाल रंगाची नोंद इतर दोन रंगांच्या आधी भरून जाते. म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) निर्धोक दिसतो, आणि घरी आल्यावर लक्षात येते की भांड्याच्या फुगवट्यावरचा सगळा तपशील सपाट केशरी झाला आहे. त्यामुळे रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) स्वरूपात छायाचित्र घेता येणे आणि तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहता येणे या दोन गोष्टी मला अत्यावश्यक वाटतात.

आतापर्यंतच्या वाचनातून तीन पर्याय समोर आहेत.

सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतील सातवा कॅमेरा, जो २०१९ मध्ये आला, त्यात एक इंची म्हटला जाणारा, म्हणजे प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा सेन्सर आहे आणि २४ ते २०० मिलिमीटर एवढा झूम आहे. वजन सुमारे ३०० ग्रॅम. झूम मोहक आहे, पण त्याचे ॲपर्चर (लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) सुरुवातीलाच एफ २.८ आहे, तर त्याच मालिकेतील तिसऱ्या ते पाचव्या कॅमेऱ्यांचे २४ ते ७० मिलिमीटरचे लेन्स एफ १.८ पासून सुरू होते. माझ्या अंधाऱ्या खोलीसाठी नव्यापेक्षा जुना बरा, असे दिसते. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

रिकोचा जीआर थ्री, तोही २०१९ चाच, केवळ २५७ ग्रॅम वजनाचा असून त्यात बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तेवढा एपीएस-सी सेन्सर आहे. क्षेत्रफळाने तो एक इंचीच्या तिप्पट भरतो. लेन्स एकच, २८ मिलिमीटरच्या दृश्यकोनाचे, एफ २.८. याचाच २०२१ मध्ये आलेला भाऊ, थ्री-एक्स, ४० मिलिमीटरचा आहे, आणि हातांचे काम टिपायला तो कोन मला अधिक योग्य वाटतो. २८ मिलिमीटरने जवळ जाऊन घेतलेल्या चित्रात पुढचा हात राक्षसी मोठा दिसतो आणि हंड्याची गोलाई बिघडते. मात्र यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, फ्लॅश नाही आणि बॅटरी सुमारे २०० छायाचित्रांपुरतीच असल्याचे कंपनीच सांगते.

तिसरा फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेतील, २०२० चा पाचवा किंवा २०२४ चा सहावा. ३५ मिलिमीटरचा कोन, एफ २ ॲपर्चर, उत्तम व्ह्यूफाइंडर. सहाव्यात चार कोटी बिंदूंचा सेन्सर आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आली, पण मागणी इतकी होती की लोक महिनोन्‌महिने थांबले, आणि तो माझ्या ऐपतीबाहेर आहे. पाचवा जुना मिळाल्यास एक लाखाच्या आत बसावा अशी आशा आहे.

आता माझा खरा प्रश्न. परीक्षणे लिहिणारे कॅमेरा थोडे दिवस वापरतात. मला तो वर्षानुवर्षे वापरायचा आहे, तोही काजळी, राख आणि पॉलिशच्या चाकावरून उडणाऱ्या बारीक धुळीच्या जागी. सोनी आणि रिको या दोन्हींची लेन्स कॅमेरा सुरू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. या हालचालीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूळही. ती सेन्सरवर बसली तर, लेन्स काढता येत नसल्यामुळे, घरी साफ करण्याचा मार्गच उरत नाही. जीआरविषयी ही तक्रार जगभरातील अनेक मालकांनी लिहिली आहे. शिवाय तांबट आळीपुरते माझे काम थांबत नाही. याच घरांतील मंडळी गणेशोत्सवात आणि पालख्या पुण्यात येतात तेव्हा काय करतात, तेही मला नोंदवायचे आहे, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर गुलालापासून कोणता कॅमेरा वाचतो?

दुसरी चिंता ओलाव्याची. जून ते सप्टेंबर पेठेतल्या घरांच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर बुरशी दिसते. बंद लेन्सच्या कॅमेऱ्यात आतल्या काचेवर बुरशी आली तर पुढे काय, हे ज्यांनी पुण्यात किंवा कोकणात अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. किमान दोन पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्याचा अनुभव असेल तर तो मला सर्वांत मोलाचा वाटेल.

आणखी एक: नळीच्या उजेडात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास चित्रात आडवे पट्टे येतात का? काम चालू असताना शटरचा आवाज नको आहे.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

नमस्कार ताई. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे.

होय, पट्टे येतात. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे बऱ्याच स्वस्त नळ्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरवरची एकेक ओळ क्रमाने वाचते, म्हणून काही ओळी उजळ आणि काही मंद येतात. त्याच कारणाने वेगाने खाली येणारा हातोडा वाकडा दिसतो, आणि तुमच्या नोंदीत हातोड्याचा कोन महत्त्वाचा असल्यामुळे हा दोष मला पट्ट्यांहून गंभीर वाटतो. पण तुम्हाला इलेक्ट्रॉनिक शटरची गरजच नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांत लेन्सच्या आत पात्यांचे यांत्रिक शटर आहे. ते संपूर्ण चित्र जवळजवळ एकदम उघडते आणि त्याचा आवाज इतका हलका असतो की ठोकाठोकीत शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. मागे वाजणारा कृत्रिम आवाज तेवढा बंद करून ठेवा. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवलात तर नळीचे लुकलुकणेही बहुतेक सावरले जाते. अर्थात १/५० ला हातोडा धूसर येईल. कंप सावरणारी यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, कारागिराचा नाही. चालू घाव गोठवायचा तर १/५०० च्या पुढे जावे लागेल, आणि म्हणून मोठ्या सेन्सरचा उपयोग होईल. आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) ६४०० वरही एपीएस-सीमध्ये मठाराच्या कडा शाबूत राहतात, फक्त रॉवरून काम करताना खरखर घालवण्याचा मोह आवरावा.

तुमचा सोनीबाबतचा निष्कर्ष बरोबर आहे. एफ १.८ मुळे एफ २.८ च्या तुलनेत सव्वा स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जादा प्रकाश मिळतो, म्हणजे जुन्या आरएक्सच्या रुंद टोकाला एक इंची सेन्सरची उणीव जवळपास भरून निघते. झूम केल्यावर मात्र हा फायदा संपतो, आणि हातांसाठी तुम्ही झूम करणारच.

प्रतिसाद

मी पुण्यातच राहते आणि एक्स१०० मालिकेतील पाचवा कॅमेरा पहिल्यापासून वापरते आहे, म्हणून ओलाव्याविषयी लिहिते. त्याच्यासाठी वेगळे विकत मिळणारे चामड्याचे आवरण घेतले असेल तर ते पावसाळ्यात काढून टाका, चामडे ओल धरून ठेवते. हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहायचे आणि जेलचा रंग बदलला की ती तापवून कोरडी करायची. डब्यात ठेवून विसरू नये, दर आठवड्याला बाहेर काढून उजेडात वापरावा. माझ्या कॅमेऱ्याच्या काचेत आजवर बुरशी आलेली नाही.

धुळीसाठी याची लेन्स आत-बाहेर होत नाही हा मोठा आधार आहे. तरीही पावसापासून संरक्षण हवे असेल तर समोर कंपनीची जोडकडी आणि ४९ मिलिमीटरचा संरक्षक फिल्टर दोन्ही बसवावे लागतात. त्यांच्याशिवाय पुढचा भाग उघडाच असतो. फिल्टर लावल्यापासून मी पालखीत निर्धास्त जाते. गुलालात कोणताच कॅमेरा नेत नाही, आणि तुम्हालाही तोच सल्ला देईन. तिथे जुना मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून न्या.

जवळून काढायचे असेल तर हा कॅमेरा १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, पण तेवढ्या जवळून एफ २ वर चित्र जरा मऊ येते. एफ ४ ठेवा.

प्रतिसाद

माझ्याकडे लेन्स आत जाणारा छोटा कॅमेरा होता, नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी आकाशाच्या भागात राखाडी ठिपके दिसू लागले. हमीची मुदत संपली होती, आणि साफसफाईचा जो खर्च सांगितला गेला त्यात दुसरा जुना कॅमेरा आला असता. कॅमेरा जुना घेणार असाल तर दुकानातच ही तपासणी करून घ्या: ॲपर्चर एफ १६ किंवा जे सर्वांत लहान असेल ते ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि स्वच्छ पांढऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे छायाचित्र काढा. चित्र मोठे करून कोपऱ्यांपर्यंत पाहा. धूळ असेल तर ठिपके नक्की दिसतील, एफ २.८ वर तेच ठिपके लपतात, म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यांवर विसंबू नका. त्यानंतर मोबाइलची विजेरी लेन्समधून तिरपी टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का तेही पाहावे. ती बुरशी.

धागाकर्ती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शटरविषयीच्या उत्तराने माझी एक मोठी शंका दूर झाली, आणि हातोडा वाकडा दिसण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता.

आत-बाहेर होणारी लेन्स भट्टीच्या खोलीत न्यायची नाही, एवढे आता मी ठरवले आहे. त्यामुळे सोनी आणि रिको बाजूला ठेवत आहे, जरी थ्री-एक्सचा ४० मिलिमीटरचा कोन सोडताना वाईट वाटते. एक्स१००चा पाचवा कॅमेरा शहरात भाड्याने मिळतो. तो आणून त्याच खोलीत, त्याच नळीखाली, माझ्या डीएसएलआरच्या बरोबरीने एकच मठारलेला घंगाळ टिपून पाहते. कडा टिकल्या तर जुना, पण फिल्टर पहिल्यापासून लावून वापरलेला एखादा शोधेन आणि भिंतीची तपासणी केल्याशिवाय पैसे देणार नाही.

एक्स१०० वापरणाऱ्या ताईंना एक विचारायचे आहे: दाराकडे तोंड करून, म्हणजे समोरून उजेड येत असताना, तो संरक्षक फिल्टर लावल्यामुळे चित्रात प्रकाशाचे डाग येतात का? काका दाराशीच बसतात, त्यामुळे माझी बरीचशी छायाचित्रे उजेडाविरुद्धच असतील.