गवती चहाची टोकं वाळतायत आणि चहाला वासच येईना, काय करू?

गच्चीवरची_बाग (जुळे सोलापूर)
नमस्कार मंडळी. गच्चीवर बारा इंची कुंडीत गवती चहा लावलाय, मागच्या पावसाळ्यात नर्सरीतून आणला होता. तेव्हा मस्त फुटला पण मार्चपासून पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतायत, मधली पानं बारीक यायला लागलीत आणि चहात टाकला तर नुसता गवताचा वास. पाणी रोज घालते, बोअरचं, कारण नळाचं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं ते घरालाच पुरत नाही. सगळे म्हणतात हे झाड मरत नाही, मग माझ्याकडंच का असं? ऊन जास्त होतंय का, ग्रीन नेट लावू?

मातीतला_माणूस
ताई आधी तो गवती चहाच आहे का ते बघा. नर्सरीवाले कधी कधी सिट्रोनेला देतात, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. बुडखा बघा, सिट्रोनेलाचा लालसर-जांभळट असतो आणि गवती चहाचा पांढरट हिरवा. पान चुरगाळून वास घ्या, लिंबाचा आला तर बरोबर, मच्छर पळवायच्या अगरबत्तीसारखा आला तर ते चहात टाकायचं झाड नाही. (आणि सिट्रोनेला नुसता कुंडीत ठेवून डास जात नाहीत, त्याचं तेल काढून लावलं तर थोडाफार उपयोग.)

गच्चीवरची_बाग
बुडखा पांढराच आहे, चुरगाळलं की लिंबाचा वास येतो पण कमी. अजून एक, कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलीय, ती काय असते?

मातीतला_माणूस
सापडलं मग. ती खपली म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार. आपल्याकडं बहुतेक बोअरचं पाणी जड, रोज थोडं थोडं घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मातीत साठत राहतो, टोकं त्यानंच करपतात. ऊन म्हणाल तर गवती चहाला ऊन पाहिजेच, सावलीत ठेवला तर लांबच लांब मऊ पानं येतात आणि वास आणखी कमी होतो. नेट लावायचंच तर एप्रिल-मेमध्ये दुपारपुरतं लावा, ते पण गच्चीची फरशी तापून कुंडीतली मुळं भाजतात म्हणून. कुंडीखाली दोन विटा ठेवा. पाणी रोज चमचा-चमचा घालण्यापेक्षा माती वरून सुकली की खालून निथळेपर्यंत एकदाच भरपूर घाला, आठवड्यात एखादी बादली नळाच्या पाण्याची जमली तर उत्तम. पावसाळ्यात तर कुंडी उघड्यावरच राहू द्या, सगळा क्षार धुऊन निघतो.

दुसरं म्हणजे कुंडी भरली असणार. बेट वाढत गेलं की मधला भाग म्हातारा होतो, पोकळ पडतो आणि पानं बारीक येतात. आता उन्हात हात लावू नका, जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले की अख्खं बेट उपटा, मधलं टाकून द्या, कडेचे दणकट फुटवे मुळासकट सोडवा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि दोन-तीन फुटवे एका कुंडीत लावा. नुसती काळी माती घेऊ नका, ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड. निम्मी माती, बाकी शेणखत आणि जाड वाळू. याला बी-बी शोधत बसू नका, फुलावर क्वचितच येतं, ठोंबावरच वाढतं.

मोहोळचा_पाव्हणा
काय टेन्शन घेलालाव ओ ताई 😄 आमच्याकडं न्हाणीच्या पाण्यावर येतंय ते, आई बघत पण नाही त्याच्याकडं, शेळी खाऊन गेली तरी परत फुटतंय. जमिनीत लावा, कुंडीचा नाद सोडा. कापत रहा मात्र, न कापता ठेवलं की नुसतं वाळकं गवत होतंय.

मातीतला_माणूस
दादा फ्लॅटवाल्यांनी जमीन कुठून आणायची 😅 पण कापायचं एकदम बरोबर. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बाहेरची पानं आधी. आणि विळ्याने किंवा कात्रीने, ओढून तोडू नका, पानाची धार बोट कापते.

चहाबाज_काकू
झाडाचं झालं, आता चहाचं ऐका. पत्ती आणि दूध घालून शेवटी वरून पान टाकलं तर वास लागणार कसा? दोन पानं हातानं मुरडून गाठ मारायची, थंड पाण्यातच टाकायची, सोबत ठेचलेलं आलं, पाण्याला हिरवट रंग आला की पत्ती, मग दूध. आणि झाकण ठेवा, नाहीतर सगळा वास स्वयंपाकघरात आणि कपात नुसता रंग. अर्धा-अर्धा तास उकळू नका, तेल उडून जातं. जुनी जाड पानं आम्ही सर्दीच्या काढ्याला ठेवतो, मिरे, तुळस, गूळ घालून. जास्त झाली तर सावलीत वाळवून डब्यात भरा, आपल्या कडक उन्हात वाळवली तर पिवळी पडतात आणि चव जाते. बुडख्याचा पांढरा भाग पण टाकू नका, थाई सूपमध्ये तोच घालतात, माझी सून ठेचून साध्या भाताला लावते, छान लागतो.

गच्चीवरची_बाग
काकू मी दूध घालूनच पान टाकत होते 🙈 आजच विटा ठेवल्या कुंडीखाली. एक विचारायचं राहिलं, आत्ता वाळलेली टोकं कापू का तशीच ठेवू?

मातीतला_माणूस
कापा की, दिसायला बरं. करपलेलं परत हिरवं होत नाही, नवीन पान कसं येतंय ते बघत रहा.

अशोक_चौकवाला
ताई जूनमध्ये बेट फोडाल तेव्हा दोन फुटवे माझ्यासाठी ठेवा ना, बदल्यात ओव्याच्या पानांची फांदी देतो, भज्याला एक नंबर.