सीना नदीतले मासे बरणीत नीट जपायचेत, कसं करायचं?

सीनाकाठ: नमस्कार, मी सोलापुरात बीएस्सीला शिकवते. आमच्या झूऑलॉजीच्या म्युझियममध्ये जुन्या बरण्या आहेत, मासे पांढरेफटक पडलेत, काहींचं तर नुसतं पीठ झालंय आणि लेबलवर फक्त 'मासा, नदी' एवढंच, कुठली नदी, कधी पकडला काहीच नाही, बघून पोटात तुटतं हो. आता पोरांना घेऊन सीनेवर आणि हिप्परग्याच्या तलावावर जायचा विचार आहे. पुन्हा तसंच व्हायला नको, म्हणून विचारते.

ओढ्याकाठचा: मॅडम, रंग उडतोच, त्याला इलाज नाही, म्हणून मासा जिवंत असतानाच फोटो काढा. पण पीठ होतं ते फॉर्मॅलिनमध्ये (मासा कडक करून टिकवणारं रसायन) नीट न मुरवता थेट अल्कोहोलमध्ये टाकल्यावर, नाहीतर एकाच बरणीत खच्चून भरल्यावर. बाटलीतलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात छोटे मासे दोन-तीन दिवस, मोठे आठवडाभर. मोठ्या माशाच्या पोटात द्रव जायला हवा, म्हणून उजव्या बाजूने चीर द्यायची. डावी बाजू अजिबात बिघडवायची नाही, मोजमाप आणि फोटो तिचेच घेतात. मासा सरळ आडवा ठेवा, वाकडा कडक झाला की मग तसाच राहतो. नंतर एक-दोन दिवस पाणी बदलत धुवायचा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मॅलिन घातक आहे, ग्लोव्हज घाला, उघड्यावर काम करा, पोरांना वास घेऊ देऊ नका. डीएनए हवा असेल तर आधीच उजव्या पराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.

जुनाजाळी: वरचं सगळं बरोबर, पण माझं म्हणणं लेबल आधी लिहा! पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते. गाव, ओढा, जीपीएस, तारीख, कुणी धरला, पाणी वाहतं होतं की साचलेलं, आणि गावातले लोक त्या माशाला काय म्हणतात तेही. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावं ठेवली त्यातली बरीच इथल्याच बोलीतली, शिंगाळ्यावरून सीनघाला, तसंच कोलस आणि नुक्ता. आपल्या म्हाताऱ्या मच्छीमारांच्या तोंडची नावं आता लिहून घेतली नाहीत तर ती जातीलच की.

ओढ्याकाठचा: हो आणि तलावाचा मासेमारीचा ठेका असतो, मच्छीमार सोसायटीला विचारूनच जाळं टाका. अभयारण्यात तर वन खात्याची परवानगी लागतेच. एका जातीचे थोडेच घ्या, बाकीचे सोडून द्या. पुण्याला आकुर्डीत झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, ओळख पटली नाही तर तिथे विचारता येईल.

सीनाकाठ: खूप आभार दोघांचे. रविवारी जातोय, पहिली बरणी भरली की लेबलचा फोटो टाकते.