तांब्याच्या तारेवरचं नेट : तुमच्या घरी डीएसएल राउटर कसा निवडला, कसा लावला? (अनुभव धागा)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. घागर भरून झाली, पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं आणि नानांनी आतून एक नवंकोरं खोकं आणून पुढ्यात ठेवलं. "पंधरा दिन व्हई ग्यात, नेट काही चालत नही रे भाऊ." नाना म्हणजे माझे थोरले काका. वय ७४, नातू पुण्याला, रोज संध्याकाळी त्याचं तोंड पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

खोक्यात तीन अँटेनांचा चांगला राउटर होता. दुकानदाराला "टेलिफोनच्या नेटसाठी पाहिजे" असं सांगूनच नानांनी तो घेतला होता. पाठीमागे पाहिलं तर चार पिवळे सॉकेट आणि एक निळा, निळ्यावर वॅन (बाहेरून नेट आत घेण्याचं सॉकेट) लिहिलेलं. टेलिफोनची बारीक पिन बसेल असं, डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट) लिहिलेलं लहान सॉकेटच नाही. नानांनी टेलिफोनची पिन त्या निळ्या मोठ्या सॉकेटात घातली होती. ती जाते आत, पण सैल बसते, बोटाने हलवली की डुगडुगते. पंधरा दिवस माणूस रोज सकाळी तो डबा बंद-चालू करत होता. दुकानदार म्हणाला, खोकं फोडलंय, परत घेणार नाही.

मला राग आला तो याचा, की हा फरक एका वाक्यात सांगता येतो. टेलिफोनची तार थेट घेणारा तो डीएसएल मोडेम-राउटर. निळ्या वॅनचा नुसता राउटर, त्याच्या पुढे मोडेम, म्हणजे तारेतल्या सिग्नलचं नेट करणारा डबा, लागतोच. मग माळ्यावरून जुना मोडेम काढला, त्याच्या लॅनमधून (घरातली यंत्रं जोडायच्या सॉकेटातून) केबल नव्या राउटरच्या निळ्या सॉकेटात दिली. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. पण जुन्या मोडेमचा डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकतो, स्थिर होत नाही. दुसऱ्या दिवशी मला जळगावला परतावं लागलं.

गावात फायबर अजून आलेलं नाही, नानांच्या गल्लीत तांब्याचीच तार आहे. अशी घरं खान्देशात अजून आहेत म्हणून हा धागा. तुम्ही मोडेम काय बघून घेतलात, कोण लावून गेलं, काय बिघडलं आणि कसं सापडलं, ते सविस्तर लिहा. नावं नकोत, गाव लिहिलं तरी पुरे.

भुसावळ

रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३१ वर्षं काढली, तांब्याच्या तारेशीच संसार केला. तुमच्या नानांना सांगा, नवा मोडेम आणायची घाई नको. दिवा लुकलुकतो म्हणजे मोडेम आणि टेलिफोन एक्स्चेंजमधलं यंत्र यांची जुळणी होत नाहीये. दहातल्या निम्म्या वेळा दोष तारेत असतो, डब्यात नसतो.

माझ्या घरचं सांगतो. दर दहा मिनिटांनी नेट तुटायचं. मुलगा म्हणाला, मोडेम जुना झाला, नवा घेऊ. मी म्हटलं, आधी आकडे बघू. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की मोडेमचं पान उघडतं. त्यात डीएसएल स्टेटस म्हणून भाग असतो, तिथे दोन आकडे बघायचे. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरला ते, हा जितका जास्त तितका बरा. ६ डेसिबलच्या खाली गेला की लाइन तुटायला लागते, १० च्या वर असला तर निश्चिंत. दुसरा लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला, हा जितका कमी तितका चांगला. एडीएसएल२+ ला (डीएसएलचाच एक प्रकार) साधारण १ किलोमीटरला १४ डेसिबल धरा. माझा होता ३८, म्हणजे एक्स्चेंजपासून तारेची वाट पावणेतीन किलोमीटर. त्याला इलाज नाही. पण मार्जिन होतं ५, आणि ते मला पटेना.

मग मोडेम उचलला आणि बाहेरून तार घरात शिरते त्या पहिल्या डबीपाशी नेला. घरातली सगळी वायरिंग सोडवली, मोडेम थेट तिथे जोडला. मार्जिन १४! म्हणजे चोर घरातच. न्हाणीच्या भिंतीला लागून तार गेली होती, तिथे कधीतरी कोणीतरी दोन तारा नुसत्या पीळ देऊन जोडल्या होत्या, वर टेपसुद्धा नाही. टोक काढून पाहिलं तर जोड पार कळंकलेला, हिरवा. नखाने खरवडलं तर भुगा पडला. तेवढा तुकडा कापून फेकला, नवी पीळ दिलेली तार पहिल्या डबीपासून अखंड मोडेमपर्यंत आणली. तोच जुना मोडेम नंतर चार वर्षं चालला.

एक अजून. घरात डोअरबेलची सपाट समांतर तार टेलिफोनला वापरू नका. पीळ असलेली तार बाहेरचा गोंगाट स्वतःच मारते, सपाट तार तो गोळा करते. रेडिओचा मध्यम लहरींचा पट्टा नेमका डीएसएलच्या पट्ट्यात येतो, हे फार लोकांना माहीत नसतं.

धुळे, देवपूर

आमच्याकडे वेगळाच त्रास होता. नेट छान चालायचं, पण फोनची घंटी वाजली की बंद. आई गावाकडच्या मावशीशी बोलत असली तर माझा ऑनलाइन फॉर्म अडकायचा, आणि फोनवर सतत खरखर. विद्यापीठाचा परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी तीनदा अर्ध्यावर तुटला तेव्हा रडू आलं होतं.

खाली हॉलमध्ये स्प्लिटर, म्हणजे तारेवरचं बोलणं आणि नेट वेगळं करणारी डबी, लावलेला होता, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. वरच्या मजल्यावर आजोबांच्या खोलीत एक समांतर फोन होता, त्याची तार स्प्लिटरच्या आधीच फुटत होती. तो एक फोन सगळं नासवत होता. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतं, डीएसएल २५ च्या वर सुरू होऊन एडीएसएलला १.१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि एडीएसएल२+ ला २.२ पर्यंत जातं. दोन्ही एकाच तारेवर सुखाने राहतात, पण मध्ये गाळणी पाहिजे. घरात जितके फोन, फॅक्स, कॉलर आयडीचे डबे असतील, त्या प्रत्येकाला फिल्टर लावा. नाहीतर तार घरात आल्या आल्या एकच स्प्लिटर बसवून तिथून फोनची आणि मोडेमची वाट वेगळी करा. आम्ही दुसरं केलं. छोटीशी वस्तू, पण मोडेम घेताना खोक्यात ती आहे का हे बघून घ्या.

यावल

रोहिणीतलं वादळ आमच्या भागाला काय असतं ते केळीवाल्यांना सांगायला नको. त्या दुपारी आभाळ भरून आलं, मी पळत जाऊन मोडेमचा अडॅप्टरचा प्लग तेवढा काढला आणि शेतात गेलो. परत आलो तर मोडेमच्या पाठीवर टेलिफोनच्या सॉकेटाभोवती काळा डाग आणि जळका वास. वीज टेलिफोनच्या तारेतून आली होती. तेवढ्यावर थांबली नाही, मोडेममधून लॅन केबलने कॉम्प्युटरमध्ये शिरून त्याचं लॅन कार्डही घेऊन गेली.

तेव्हापासून मृग बसायच्या आधीच मी टेलिफोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही हाताशी येतील असे लावून ठेवतो. आभाळ भरून येऊ लागलं की, गडगडाटाच्या आधीच, दोन्ही काढायचे, पिन आधी. बायकोला, पोराला, कामावरच्या सालदारालाही दाखवून ठेवलंय.

रावेर

यावलकर, आमच्याकडेही तसंच झालं, फक्त डीएसएलचं सॉकेट तेवढं मेलं, वायफाय जिवंत राहिलं. असा मोडेम भंगारात देऊ नका. खाली चोपड्याचे भाऊ बहुतेक त्यावरच लिहीत आहेत, ते वाचा.

आणि राउटर लावला त्याच दिवशी दोन पासवर्ड बदला. एक वायफायचा, तिथे सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ निवडा, जुनं डब्ल्यूईपी नको. दुसरा राउटरच्या पानाचा, कारण तिथे ॲडमिन-ॲडमिन हे सगळ्या गावाला पाठ असतं. पूर्वी प्लॅनला डेटाची मर्यादा असायची तेव्हा महिनाअखेरीला आमचं बिल तिप्पट आलं होतं. मागच्या गल्लीतली पोरं ओट्यावर बसून आमच्या वायफायवर पिक्चर उतरवत होती. पोरांवर काय चिडायचं, कुलूप आम्हीच लावलं नव्हतं.

चोपडा

आमचं घर धाब्याचं. मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागाची लाकडं, त्यावर माती. उन्हाळ्यात असं गार घर नाही, पण वायफायला ती भिंत म्हणजे किल्ला. मोडेम ओसरीत, तिथे पाचही कांड्या. माजघरात एक, मागच्या खोलीत शून्य. बहीण बारावीचा अभ्यास मागच्या खोलीत करायची आणि व्हिडिओ बघायला ओसरीत येऊन माणसांच्या गप्पांत बसायची.

मी आधी मोठ्या अँटेनांचा राउटर आणायला निघालो होतो. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांनी अडवलं. म्हणाले, भिंत तीच राहणार, अँटेना वाढवून काय होणार? घरात एक जुना मोडेम-राउटर पडून होता, त्याचं काम त्यांनी शिकवलं. जुन्याला कॉम्प्युटरला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे ओसरीतल्या नव्याशी भांडण नको. डीएचसीपी बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्यासारखाच ठेवला, चॅनल मात्र वेगळा. एकाला १, दुसऱ्याला ११. मग दारावरच्या फटीतून १५ मीटर लॅन केबल मागच्या खोलीत नेली आणि लॅनमधून लॅनमध्ये जोडली. जुन्याच्या डीएसएल सॉकेटात काहीच नाही, त्याची गरजच नाही. खर्च फक्त केबलचा झाला.

भिंतीला भोक पाडायचं नाही असं आजीने बजावलं होतं, म्हणून दारावरून नेली. बहीण आता जळगावला नर्सिंगला आहे, ती खोली आजीने घेतली आणि तिथे आरामात कीर्तन ऐकते.

साक्री, सध्या पुणे

मी बापूंना फोनवर सांगून मोडेम लावून घेतला, तो अनुभव लिहितो, कारण बाहेरगावी असलेल्या सगळ्यांवर ही वेळ येते.

विजेच्या धक्क्याने मोडेमचं सेटिंग पुसलं गेलं होतं. बापू म्हणाले, "एक लाल दिवा जळी राह्यना, बाकी बठा हिरवा शेत." म्हणजे एक दिवा लाल, बाकी सगळे हिरवे. ह्या एका वाक्यात निदान झालं. डीएसएलचा दिवा हिरवा आणि स्थिर, म्हणजे तार ठीक. इंटरनेटचा लाल, म्हणजे युजर आयडी-पासवर्ड पोचत नाहीये. म्हणून दिवे आधी विचारायचे, उगीच सगळ्या वायरी उपसायला लावायच्या नाहीत.

मग पान उघडून एकेक शब्द वाचून घेतला. बीएसएनएलच्या एडीएसएलला व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ (लाइनचे दोन ठरलेले आकडे) लागतो, कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई, म्हणजे युजर आयडी-पासवर्ड देऊन जोडायचा. मोडेम ब्रिजवर (नुसता सिग्नल पुढे देणारा) ठेवला तर दर वेळी कॉम्प्युटरवरून डायल करावं लागतं, आणि मोबाइलला नेट मिळत नाही. पीपीपीओई मोडेममध्येच भरलं की तो चालू झाल्याबरोबर स्वतः जोडून घेतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी असंच ठेवा.

सगळं झाल्यावर काही पानं उघडत, बँकेचं मात्र अर्ध्यावर अडके. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याचा कमाल आकार, १५०० होता. पीपीपीओईची स्वतःची ८ बाइट जातात, म्हणून १४९२ केला आणि बँक उघडली. शेवटी बापूंना सगळे आकडे वहीत लिहायला लावले. ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असते.

नंदुरबार

मोडेमच्या खोक्यावर बारीक अक्षरात चालण्याचं तापमान ०° ते ४०° असं छापलेलं असतं. आपल्याकडे वैशाखात पारा ४३-४४ ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आमच्या दुकानात एप्रिल-मे मध्ये दुपारी दोननंतर नेट मरायचं आणि दिवे लागणीला आपोआप यायचं. हात लावून पाहिला तर डबा तव्यासारखा. तो टीव्हीच्या कपाटातून काढून भिंतीवर उभा टांगला, वर कापड घालायची सवय मोडली, तेवढ्याने चालायला लागला. लोडशेडिंगसाठी १२ व्होल्टची लहान बॅटरी मिळते ती लावा. पण अडॅप्टर ९ चा आहे की १२ चा हे आधी मोडेमच्या तळाशी वाचा.

अमळनेर

व्हीडीएसएलचा (डीएसएलच्या जास्त वेगाच्या प्रकाराचा) मोडेम घेतला तर वेग वाढेल का?

भुसावळ

एक्स्चेंजमध्ये व्हीडीएसएलचं यंत्र असेल आणि तार किलोमीटरच्या आत असेल, तरच. लांबच्या तारेवर एडीएसएल२+ इतकाच मिळतो. उलट लाइन फारच वाईट असेल तर मोडेमच्या पानावर मॉड्युलेशनमध्ये जी.डीएमटी (एडीएसएलचा जुना, संथ प्रकार) निवडून बघा. वेग उतरतो, कमाल ८ एमबीपीएस, पण तुटणं थांबतं. व्हिडिओ कॉलला तेवढा पुष्कळ.

जळगाव (धागा काढणारा)

रविवारी गावी जाऊन आलो. भुसावळच्या काकांनी सांगितलं तसं मोडेम उचलून बाहेरच्या डबीपाशी, ओट्यावर नेला. नाना टॉर्च धरून उभे. घरात लुकलुकणारा दिवा तिथे दोन मिनिटांत स्थिर झाला! पण मार्जिन ७, म्हणजे घरातली तार खराब होतीच, बाहेरचीही थकलीय. घरातली सगळी काढून टाकली आणि मोडेम तूर्त डबीखालीच फळी ठोकून बसवला. जी.डीएमटीवर ठेवलाय. नव्या राउटरचं वायफाय माजघरापर्यंत पोचतं. रात्री साडेआठला नातवाचा कॉल लागला, अर्धा तास एकदाही तुटला नाही. नाना त्याला मोडेमचा हिरवा दिवा दाखवत होते.

खांबावरच्या डीपीपासून (तारा वाटणाऱ्या पेटीपासून) ओट्यापर्यंतची तार मृगाच्या आधी बदलून घ्यायचीय. दोरी लावून मोजली, ४५ मीटर भरली. लाइनमनशी बोललोय, बुधवारी येतो म्हणालेत.