सर्व्हिस रिपोर्टांतलं ज्ञान जपायचंय: टेक्स्ट मायनिंग, कन्सेप्ट ग्राफबद्दल सल्ला हवा

मरोळनाका:
नमस्कार मंडळी. आमची लिफ्ट मेंटेनन्सची छोटी कंपनी आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, कामं बहुतेक दादर, गिरगाव, पार्ल्याच्या जुन्या सोसायट्यांत. सर्व्हिस रिपोर्ट भरपूर आहेत. अलीकडचे अ‍ॅपवर टाइप केलेले, आधीचे हाती लिहिलेले. आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक मामा लवकरच निवृत्त होतायत. कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट कशाने अडते, ते त्यांनाच ठाऊक. या रिपोर्टांतून कन्सेप्ट ग्राफ, म्हणजे भाग, बिघाड, कारणं यांना रेघांनी जोडणारा नकाशा, बनवायचा विचार आहे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? नमुना देतो (पिट म्हणजे लिफ्टच्या तळाचा खड्डा, बॉटम लिमिट म्हणजे खालच्या टोकाला लिफ्ट थांबवणारा स्विच):

"लिफ्ट ३ऱ्या माळ्यावर अटकली. पिटमध्ये पाणी. बॉटम लिमिट चेक केला ओके. गेट लॉक साफ केला. ऑइलिंग केलं. चालू."

रानजाई:
सॉफ्टवेअर राहू द्या, आधी मामांना धरा. ते आहेत तोवरच हे काम नीट होईल.

तुमच्या रिपोर्टात एकाच गोष्टीला चार नावं असणार. कोणी गेट लॉक लिहितो, कोणी डोअर लॉक, कोणी इंटरलॉक. माळा, मजला, फ्लोअर तसंच. त्यात मराठी प्रत्यय: पिटमध्ये, पिटात, पिटातलं. नुसते शब्द मोजले तर हे सगळे वेगळे धरले जातात. म्हणून एक्सेलमध्ये यादी करा: मुख्य नाव, पर्यायी नावं, कशाचा भाग, कशाशी संबंध. स्कॉस नावाचं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं मानक (२००९) याच धर्तीवर आहे, त्यामुळे ही यादी पुढे ते मानक चालणाऱ्या टूलमध्ये नेता येते.

यादीत काय घ्यायचं हे शोधायला टेक्स्ट मायनिंग, म्हणजे ढीगभर मजकुरातून मशीनने कामाचे शब्द शोधणं, कामी येतं. टीएफ-आयडीएफ ही शब्दांना वजन देणारी पद्धत लावा. जो शब्द जवळपास प्रत्येक रिपोर्टात येतो त्याचं वजन कमी, ही त्यातली आयडीएफची कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. तुमच्याकडे 'ऑइलिंग', 'चेक', 'चालू' आपोआप खाली जातील आणि 'पिट', 'लिमिट' वर येतील.

आता महत्त्वाचं. दोन शब्द एकत्र येतात म्हणून त्यांच्यात कारण-परिणामाची रेघ ओढू नका. ऑइलिंग प्रत्येक व्हिजिटला होतं, त्यामुळे ते प्रत्येक बिघाडाला चिकटलेलं दिसेल. मशीनने फक्त जोड्या सुचवायच्या. रेघ कसली, ते मामांनी सांगायचं. 'पिटमधलं पाणी' ते 'पिट स्विच' (पिटमधून लिफ्ट बंद करायचा स्विच): बिघडवतं. 'पिट स्विच' ते 'सेफ्टी सर्किट': चा भाग. सेफ्टी सर्किटमधले कॉन्टॅक्ट एकामागे एक जोडलेले असतात, एक उघडला की लिफ्ट जागेवर उभी. हे ग्राफमध्ये असलं, तर जुलैत लिफ्ट अटकल्याचा फोन आला की नवा मुलगा थेट पिटमध्ये बघेल. आणि प्रत्येक रेघेला ती कुठल्या रिपोर्टातून आली तो नंबर हवाच. नंबर नसेल तर वर्षभराने त्या रेघेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

टेबलखुर्ची:
रानजाईंशी सहमत. ग्राफ डेटाबेस लगेच नको, पोस्टग्रेससारख्या नेहमीच्या डेटाबेसमध्ये दोन टेबलं पुरतात: एक संकल्पनांचं, एक संबंधांचं. लक्षण, भाग, कारण, उपाय, बिल्डिंग अशा चार-पाच उड्या मारणारे प्रश्न रोज यायला लागले की नियोफोरजे हा ग्राफ डेटाबेस बघा. आणि रहिवाशांची नावं, मोबाइल नंबर आधी काढून टाका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे.

मरोळनाका:
खूप आभार. हाती लिहिलेल्या रिपोर्टांचं काय? आणि मराठीची तयार मॉडेलं भाग ओळखतील का?

रानजाई:
टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण छापील. मेकॅनिकच्या अक्षरावर वेळ घालवू नका. ज्या बिल्डिंगांच्या तक्रारी पुन्हापुन्हा येतात, तेवढेच जुने रिपोर्ट माणूस बसवून टाइप करून घ्या.

तयार मॉडेलांचं म्हणाल, तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचं महाएनईआर, म्हणजे मराठी मजकुरातली नावं ओळखणारं मॉडेल, चांगलं काम आहे, पण ते बातम्यांवर शिकलेलं: व्यक्ती, ठिकाण, संस्था वगैरे. 'गव्हर्नर' हा लिफ्टचा वेग आवरणारा भाग आहे हे त्याला कुठून कळणार? तुमच्या यादीवरून शब्द जुळवणंच सुरुवातीला जास्त भरवशाचं.

मामांसोबत बसाल तेव्हा कोरा कागद देऊ नका, खरे रिपोर्ट पुढ्यात ठेवा आणि एकच विचारा: "मामा, हे वाचून तुम्ही आधी काय उघडलं असतं?" वरचा नमुना पहिला घ्या. त्यात पाणी लिहिलंय, लॉक साफ केलंय, पण पाणी उपसलं का आणि पिट स्विच पाहिला का, ते कुठेच नाही.