मदत हवी आहे : आठवी-नववीच्या मुलांची जीवनकौशल्यं मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यात आठवी-नववीला शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या 10 जीवनकौशल्यांपैकी निर्णय घेणं, समानुभूती (दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याच्या भावना समजून घेणं) आणि ताणाला सामोरं जाणं या तिन्हींवर जूनपासून दर शनिवारी तास घेतेय. मुलांमध्ये खरंच काही बदलतंय का, हे नीट बघायचंय.

आधी 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही' अशी प्रश्नावली दिली. जवळपास सगळ्यांनी 'नेहमी'वरच खुणा केल्या! बाईंना काय आवडेल ते मुलं बरोबर ओळखतात. एका मुलीनं मात्र 'मी स्वतः निर्णय घेते' याच्यापुढे 'कधीच नाही'वर खूण केली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, तेव्हा दोन धाकट्या भावंडांचं जेवणखाण, शाळा, दुखणंखुपणं सगळं हीच बघते. तिला तो 'निर्णय' वाटतच नाही. माझा कागद तिच्यापर्यंत पोचलाच नाही, याचं फार वाईट वाटलं.

आता प्रसंग देऊन 'तू काय करशील आणि का?' असं विचारावं म्हणते. पण उत्तरांना गुण कसे द्यायचे? दोघांनी वेगवेगळे तपासून ताडून बघणं पुरेसं आहे का? काहींच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना तोंडी विचारलं तर चालेल? तुलनेला दुसऱ्या शाळेतला, हे तास न झालेला वर्गही घ्यावा का? कारण या वयात मुलं तशीही बदलतातच.

कुणी मराठीत अशी चाचणी वापरली असेल तर कृपया सांगा. परीक्षेसारखी न वाटणारी हवी. दिवाळीआधी घ्यायची आहे, नंतर बरीच बाकं रिकामी होतात.