संयुग्मी जोडीत फरक एकाच प्रोटॉनचा

सल्फ्युरिक आम्लाचा (H₂SO₄) संयुग्मी आम्लारी, म्हणजे आम्लाने एक प्रोटॉन दिल्यावर उरणारा भाग, कोणता? या प्रश्नाच्या एका उत्तरात ‘सल्फेट’ (SO₄²⁻) दिलाय, तो बदलायला हवा. जोडीत फरक नेमका एका प्रोटॉनचा असतो, म्हणून सल्फ्युरिक आम्लाचा जोडीदार बायसल्फेट (HSO₄⁻). सल्फेट हा बायसल्फेटचा. प्रभार बघितला तरी चूक कळते: एक प्रोटॉन गेला की प्रभार एकानेच उतरतो, शून्यावरून थेट उणे दोन होत नाही.

त्याहून जास्त घोळ घालतं ते ‘सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र’ हे पाठ केलेलं वाक्य. ॲसेटिक आम्ल घ्या. २५ अंश सेल्सिअसला त्याचा पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ४.७६. जोडीतल्या पीकेए आणि पीकेबीची (आम्लारीसाठीचं तसंच माप) बेरीज १४, म्हणजे ॲसेटेटचा पीकेबी ९.२४. हा सौम्यच आम्लारी झाला! आता ०.१ मोलर सोडिअम ॲसेटेट: ९.२४ मध्ये १ मिळवा (०.१ च्या उणे लॉगचा), निम्मं करा, पीओएच (हायड्रॉक्साइड आयनांचं माप) ५.१२, तो १४ मधून वजा केला की पीएच ८.८८. तेवढ्याच संहतीच्या कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे तीव्र आम्लारीचा, पीएच १३ असतो. इथे घाईत पीकेबीऐवजी पीकेए घातला तर ११.१२ येतं, परीक्षेत हमखास दिसणारं चुकीचं उत्तर हेच.

खरा तीव्र संयुग्मी आम्लारी हवा असेल तर अमोनियाचा अमाइड आयन बघा, तो पाण्यात टिकतच नाही.