मृत्युपत्र सापडेना, नॉमिनी मुलगा, मग घर कुणाचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-402: नमस्कार. बाबांचे दिवस मागच्या आठवड्यात झाले. सगळे धावून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारायचं आहे. बाबांनी 2014 साली मृत्युपत्र रजिस्टर केलं होतं आणि घर आईला दिलंय, असं ते सांगायचे. कपाट, लॉकर, जुन्या फायली, सगळं पालथं घातलं, पण मूळ कागद मिळत नाही. आईच्या पोथीच्या पिशवीत फक्त नोंदणीची पावती सापडली. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे. आता पुढे काय करायचं?

सचिव: ताई, नॉमिनेशन रजिस्टरला दादांचं नाव आहे. त्यांचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला आला की शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर करून देतो. आजवर असंच करत आलोय.

सी-101 (वकील): सचिवसाहेब, कृपया असं करू नका. नॉमिनी मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 154ब-13 आलं. त्यानुसार नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचं, तेही खरा हक्कदार ठरेपर्यंत. हक्क ठरतो मृत्युपत्रावरून, नाहीतर वारसा कायद्याने. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. दादा प्रामाणिक आहेत, प्रश्न त्यांचा नाही. पण उद्या दुसऱ्या एखाद्या घरात नॉमिनीने फ्लॅट परस्पर विकला, तर म्हातारी आई कुठे जाईल? कमिटीने एकदा नीट समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सी-101: ताई, पावती मिळाली हे फार चांगलं झालं. दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालय तिच्यावर असतं. मृत्युपत्रं दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक 3 मध्ये नोंदवतात. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल तो स्वतः किंवा त्याचा मुखत्यारच घेऊ शकतो, मुलांनाही मिळत नाही. निधनानंतर मात्र कुणीही अर्ज करू शकतो. मृत्यूचा दाखला जोडा आणि प्रमाणित प्रत मागा.

ए-402: म्हणजे मूळ कागद नसला तरी चालेल?

सी-101: नक्कल हातात आली की आधी साक्षीदारांची नावं बघा. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात आणि कोर्टात गेलंच तर त्यातल्या एकाची साक्ष लागते. ते हयात आहेत का, कुठे राहतात, हे आत्ताच शोधा. शक्य असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. मूळ कागदाचं म्हणाल, तर तो बाबांच्याच ताब्यात होता आणि सापडत नाही, म्हणजे त्यांनी स्वतःच फाडून रद्द केला असेल, असा मुद्दा विरोध करणारा काढू शकतो. तो खोडून काढता येतो. बाबा शेवटपर्यंत काय बोलत होते, हे इथे उपयोगी पडतं. मृत्युपत्र हरवलं असेल तर नकलेवरूनही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळू शकतं, कायद्यात तशी सोय आहे. तरी शोध थांबवू नका. ज्यांनी मसुदा केला त्या वकिलांनाही विचारा.

बी-604: पण मुंबईत प्रोबेटशिवाय मृत्युपत्राचा काही उपयोग नाही ना? माझ्या भावाच्या वेळी हायकोर्टात वर्षं गेली, नोटिसा, कॅव्हेट (विरोध करणाऱ्याचा ‘आधी आमचं ऐका’ असा अर्ज), सगळं झालं. वहिनीची तब्येत त्यातच ढासळली.

सी-101: काका, तेव्हा तसंच होतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. तीच माणसं ठाणे-पुण्यात असती तर तिथल्या घरासाठी ते लागलं नसतं. हे कलम संसदेने डिसेंबर 2025 मध्ये रद्द केलं. ए-402 च्या ताईंचे बाबा त्यानंतर गेले, त्यामुळे त्यांच्यासाठी सक्ती नाही. अनेक विधवांची यात वर्षं गेली, म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पण सक्ती गेली, प्रोबेट गेलेलं नाही. भावंडांत वाद असेल, कुणी सहीवर शंका घेत असेल, तर घ्यावंच. मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का त्याने मिळतो. पुढे फ्लॅट विकताना बँक किंवा घेणाराही मागू शकतो.

ए-402: आमच्यात वाद नाही. दादा म्हणतो, घर आईचंच.

सी-101: मग वाट सोपी आहे. प्रमाणित प्रत, मृत्यूचा दाखला आणि तुम्हा दोघांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आईंच्या अर्जासोबत सोसायटीला द्या. मृत्युपत्र उभं राहिलंच नाही, तर आई, दादा आणि तुम्ही हे समान वाट्याचे वारस. अशा वेळी तुम्ही दोघांनी आईंच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर करायचं.

सचिव: समजलं. दादांचा अर्ज आला तर तात्पुरता सभासद म्हणूनच नोंद करतो. रविवारी कमिटीत विषय ठेवतो. मधल्या काळात मेंटेनन्सचं बिल काकांच्याच नावाने निघेल, पावतीवर कुणी भरलं ते लिहू.

ए-402: दादा शुक्रवारी येतोय, आम्ही दोघं जाऊन अर्ज देतो.

सी-101: मूळ पावती काउंटरवर ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. आणि नक्कल एकाऐवजी दोन मागा.